एसक्यूएलअल्केमी: वेब अ‍ॅपमध्ये सेशन उघडायचं कुठे, बंद करायचं कुठे आणि कमिट कुणी करायचं?

पाटीपेन्सिल

नमस्कार मंडळी. फास्टएपीआय या पायथन वेब-चौकटीवरचं एक अ‍ॅप आहे, खाली पोस्टग्रेस १६ हा डेटाबेस, मध्ये पायथनमधून डेटाबेसशी बोलणारी एसक्यूएलअल्केमी २.० ही लायब्ररी. गुनिकॉर्न या सर्व्हरचे ४ वर्कर, म्हणजे चार वेगळ्या प्रक्रिया. एंडपॉइंट (विनंतीला उत्तर देणारी फंक्शनं) सगळे साधे 'डेफ', असिंक एकही नाही. गर्दी नसते तेव्हा सुरळीत चालतं. एकाच वेळी साठ-सत्तर विनंत्या आल्या की त्यातल्या काही बरोबर ३० सेकंद लटकतात आणि ही त्रुटी येते:

'क्यूपूल लिमिट ऑफ साइझ ५ ओव्हरफ्लो १० रीच्ड, कनेक्शन टाइम्ड आउट, टाइमआउट ३०.००', म्हणजे पूलमधली (डेटाबेस-कनेक्शनांच्या साठ्यातली) सगळी कनेक्शनं गुंतली आहेत.

कोडमध्ये तीन पद्धती एकत्र नांदताहेत. काही फाइलींत मॉड्यूलच्या माथ्यावरच एक सेशन (डेटाबेसवर काम करताना वाचलेलं-बदललेलं धरून ठेवणारं ऑब्जेक्ट) बनवून ठेवलंय आणि सगळी फंक्शनं तेच वापरतात. काही ठिकाणी फंक्शनच्या आत सेशन उघडलंय, पण क्लोज कुठेच नाही. नव्या कोडात यील्डवाली डिपेंडन्सी आहे, म्हणजे फास्टएपीआय एंडपॉइंटच्या आधी चालवतं असं फंक्शन, ज्याचा यील्डनंतरचा भाग नंतर चालतो.

माझे प्रश्न: सेशन विनंतीमागे एक असावं की फंक्शनमागे एक? कमिट (बदल पक्के करणं) कुणी करायचं, फंक्शननं की डिपेंडन्सीनं? आणि पूल_साइझ ५ वरून ५० केला तर भागेल का?

दगडफूल

तिसऱ्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण आधी तोच आकडा वाढवायचा मोह होतो.

क्रिएट_इंजिनला काही न सांगता सोडलं की पूल_साइझ ५, मॅक्स_ओव्हरफ्लो (गर्दीत त्यावर उघडायची जादा कनेक्शनं) १०, पूल_टाइमआउट ३० सेकंद. म्हणजे एका प्रक्रियेला जास्तीत जास्त १५ कनेक्शनं. पूल प्रत्येक प्रक्रियेचा वेगळा असतो, त्यामुळे ४ वर्करांची मिळून ६०. तुमची 'साठ-सत्तर विनंत्यांना फुटतं' ही सीमा नेमकी इथून आली आहे.

आता दुसरं टोक. पोस्टग्रेसचं मॅक्स_कनेक्शन्स मुळात १०० असतं आणि त्यातली ३ सुपरयूझरसाठी राखीव. हाताशी ९७. पूल ५० केलात तर ५० अधिक ओव्हरफ्लो १०, गुणिले ४, म्हणजे २४०. मग त्रुटी पूलकडून यायची थांबेल आणि डेटाबेसकडून 'टू मेनी क्लायंट्स' म्हणून येईल. ती जास्त वाईट, कारण त्या डेटाबेसवर चालणारी बाकीची कामंही तिच्यात अडकतात. शिवाय नवी आवृत्ती चढवताना जुने आणि नवे वर्कर थोडा वेळ एकत्र जिवंत असतील, तर आजच्या आकड्यांनीसुद्धा १२० पर्यंत जाऊ शकता. तो हिशेब आधी मांडा.

आणखी एक गाठ: साधे 'डेफ' एंडपॉइंट फास्टएपीआय थ्रेडपूलमध्ये (एकाच प्रक्रियेतल्या समांतर धाग्यांवर) चालवतं आणि त्या थ्रेडपूलची मुळातली मर्यादा प्रत्येक वर्करला ४० थ्रेड. चाळीस जण दाराशी आणि आत जागा पंधरा. एक तर पूल आणि थ्रेड यांचे आकडे जवळ आणा, नाहीतर प्रत्येकानं जागा अडवून ठेवायची वेळ कमी करा. खरा उपाय यांतला दुसरा.

सांदण

दगडफूल यांच्या शेवटच्या वाक्याला पुढे नेते.

लग्नाची पंगत डोळ्यापुढे आणा. पानं पंधराच. माणूस मांडवात आला म्हणून पान अडत नाही, जेवायला बसला की अडतं. सेशनचं तसंच. सेशन नुसतं बनवलं तर कनेक्शन घेतलं जात नाही, पहिली क्वेरी गेली की घेतलं जातं. ते सुटतं कमिट, रोलबॅक (बदल मागे घेणं) किंवा क्लोज झाल्यावर. घोळ होतो तो मधल्या काळात. जेवण उरकलंय, हात वाळलेत, तरी मंडळी पानावर बसून गप्पा मारताहेत आणि मागे पुढची पंगत ताटकळतेय.

कोडमधल्या 'गप्पा' म्हणजे: ग्राहक वाचला, मग पेमेंट गेटवेला एचटीटीपी कॉल केला, तो ४ सेकंदांनी आला, मग ऑर्डर लिहिली, मग कमिट. डेटाबेसचं काम सगळं मिळून १० मिलिसेकंदांचं, कनेक्शन अडलं ४ सेकंद. पीडीएफ बनवणं, मेल पाठवणं, फाइल अपलोड करणं, सगळं याच माळेतलं.

हे पकडायचं असं. गर्दीच्या वेळी पोस्टग्रेसमध्ये पीजी_स्टॅट_अ‍ॅक्टिव्हिटी हा व्ह्यू बघा. त्यातून पीआयडी, स्टेट, नाऊ() वजा एक्सअ‍ॅक्ट_स्टार्ट, नाऊ() वजा स्टेट_चेंज आणि क्वेरी हे रकाने काढा, अट लावा स्टेट बरोबर 'आयडल इन ट्रान्झॅक्शन' (ट्रान्झॅक्शन, म्हणजे एकत्रच पक्कं किंवा रद्द होणारं काम, उघडं आहे पण क्वेरी चालू नाही), आणि सर्वांत जुनं वर येईल असा क्रम लावा. क्वेरी रकान्यात दिसते ती त्या कनेक्शनवर शेवटची चाललेली क्वेरी. म्हणजे गप्पा नेमक्या कुठल्या ओळीनंतर सुरू झाल्या ते तिथेच कळतं. 'ग्राहक निवडा' ही क्वेरी शेवटची आणि स्टेट_चेंज ३ सेकंदांपूर्वीचं असेल, तर कोडमध्ये ग्राहक वाचल्यानंतरची ओळ उघडा. गुन्हेगार तिथेच सापडेल.

क्रिएट_इंजिनला अ‍ॅप्लिकेशन_नेम दिलंत तर कुठलं कनेक्शन कुठल्या सेवेचं तेही दिसेल. पोस्टग्रेससाठी ते कनेक्ट_आर्ग्ज मधून जातं.

कढीपत्ता

पंगत आवडली. म्हणजे क्लोज न करता सोडलेलं सेशन म्हणजे पानावर रुमाल टाकून गेलेला पाहुणा.

सांदण

@कढीपत्ता, अगदी! आणि तो परत येईल की नाही हे वाढप्यालाही माहीत नाही. पायथनमध्ये त्या सेशनकडे कुणाचा निर्देश उरला नाही की कनेक्शन पूलमध्ये परत जातं, म्हणून बरेच दिवस चालून जातं. पण अपवाद उडाला आणि त्याचा ट्रेसबॅक कुठे धरून ठेवला गेला, तर त्या फ्रेममधलं सेशनही जिवंत राहतं. त्यामुळे अशी गळती त्रुटींच्या दिवशीच जास्त होते. असिंक इंजिनमध्ये तर कचरा-संकलनाच्या भरवशावर राहूच नका, तिथे कनेक्शन नीट परत करणं त्या क्षणी शक्यच नसतं आणि लॉगमध्ये 'नॉन-चेक्ड-इन कनेक्शन' अशी तक्रार उमटते.

डेटामावशी

डेटाबेसच्या बाजूनं एक भर, कारण 'नुसतं वाचलंय, लिहिलं काही नाही, मग उघडं राहिलं तर काय बिघडलं' असं पुष्कळदा ऐकू येतं.

साध्या सिलेक्टनंही टेबलावर अ‍ॅक्सेस शेअर हे हलकं कुलूप लागतं आणि ते ट्रान्झॅक्शन संपेपर्यंत राहतं. एरवी ते कुणाला आडवं येत नाही. पण मायग्रेशन (टेबलांची रचना बदलणारी स्क्रिप्ट) चालवलं आणि ऑल्टर टेबल आलं, की त्याला अ‍ॅक्सेस एक्स्क्लुझिव्ह हवं. ते त्या एका उघड्या सिलेक्टमागे थांबतं. आणि आता त्या टेबलावर येणारा प्रत्येक नवा सिलेक्ट ऑल्टरच्या मागे रांगेत लागतो. एका विसरलेल्या वाचन-ट्रान्झॅक्शनमुळे अख्खं टेबल ठप्प.

म्हणून दोन सेटिंगं करून ठेवा. मायग्रेशन चालवणाऱ्या कनेक्शनवर लॉक_टाइमआउट ३ ते ५ सेकंद: कुलूप मिळालं नाही तर ऑल्टरनं माघार घ्यावी आणि पुन्हा प्रयत्न करावा. आणि अ‍ॅपच्या रोलवर आयडल_इन_ट्रान्झॅक्शन_सेशन_टाइमआउट ३० किंवा ६० सेकंद. हे पोस्टग्रेस ९.६ पासून आहे, मुळात ० म्हणजे बंद असतं. चालू केलं की गप्पिष्ट कनेक्शन सर्व्हर स्वतः तोडतो आणि अ‍ॅपमध्ये त्रुटी येते. ती येऊ दे. ती दिसली की चुकलेली जागा सापडते.

आडवाटा

पहिल्या दोन प्रश्नांवर.

सेशन विनंतीमागे एक, यावर फार दुमत नाही. कमिटबद्दल माझं मत ठाम आहे: डिपेंडन्सीनं करावं. यील्डच्या आधी सेशन उघडा, यील्डनंतर कमिट, अपवाद आला तर रोलबॅक, शेवटी क्लोज. एंडपॉइंट लिहिणाऱ्यानं कमिट हा शब्दही उच्चारू नये. त्यानं फ्लश करावा (बदल पक्के न करता डेटाबेसकडे पाठवावेत), आयडी मिळवावा, पुढे जावं. एका विनंतीत तीन फंक्शनांनी तीन कमिट केले आणि तिसऱ्यात अपवाद आला, तर पहिले दोन मागे घेता येत नाहीत. ऑर्डर आहे पण तिच्या ओळी नाहीत, असली अर्धवट नोंद त्यातूनच होते.

दगडफूल

@आडवाटा, तीन कमिटांचा धोका शंभर टक्के मान्य. पण उपाय मान्य नाही, आणि फास्टएपीआयमध्ये तर अजिबात नाही.

यील्डनंतरचा भाग कधी चालतो ते आवृत्तीवर अवलंबून आहे. आधी तो प्रतिसाद गेल्यावर चालायचा. ०.१०६ मध्ये तो प्रतिसाद जाण्याआधी आला. ०.११८ मध्ये पुन्हा प्रतिसाद गेल्यानंतर. म्हणजे तुमचा कमिट डिपेंडन्सीत असेल, तर ग्राहकाला '२०० ठीक आहे' आधी पोचतं आणि कमिट मागून होतो. तो कमिट पडला, डिफर्ड कन्स्ट्रेंटमुळे (कमिटच्या वेळीच तपासल्या जाणाऱ्या नियमामुळे) किंवा नेटवर्क तुटल्यामुळे, तर ग्राहकाच्या हातात पावती आहे आणि वहीत नोंद नाही. पैशाच्या व्यवहारात हे चालणार नाही.

०.१२१ पासून डिपेंड्सला स्कोप 'फंक्शन' देऊन यील्डनंतरचा भाग प्रतिसादाआधी आणता येतो. पण इतकी महत्त्वाची गोष्ट एका पॅरामीटरवर आणि आवृत्तीवर टांगून ठेवायची कशाला?

फ्लास्क या दुसऱ्या पायथन वेब-चौकटीच्या जगातही हेच झालं. फ्लास्क-एसक्यूएलअल्केमीत टिअरडाउनच्या (विनंतीनंतरच्या आवराआवरीच्या) वेळी आपोआप कमिट करायची सोय होती. ती ३.० मध्ये काढून टाकली. आता टिअरडाउन फक्त सेशन काढून टाकतं, कमिट तुम्ही स्वतः करायचा.

आडवाटा

मग तीन कमिटांचं काय करायचं?

दगडफूल

कामाची हद्द एकाच ठिकाणी आखायची, पण ती डिपेंडन्सीत नाही, एंडपॉइंटच्या अंगात. 'विथ सेशन.बिगिन()' असा ब्लॉक. ब्लॉक नीट संपला की कमिट, अपवाद आला की रोलबॅक. आतली सगळी फंक्शनं सेशन पॅरामीटर म्हणून घेतात आणि फार तर फ्लश करतात. कमिटचा अधिकार फक्त त्या ब्लॉकला. डिपेंडन्सीचं काम एवढंच: सेशन देणं आणि शेवटी बंद करणं.

याचा जास्तीचा फायदा म्हणजे सांदण यांच्या गप्पा डोळ्यांना दिसतात. ब्लॉकच्या आत एचटीटीपी कॉल दिसला की परीक्षण करणारा लगेच बोट ठेवू शकतो. पेमेंटचं काम मग असं मोडायचं: पहिला ब्लॉक, ऑर्डर 'प्रलंबित' म्हणून लिहा, सोबत आपण बनवलेली एकमेव किल्ली. ब्लॉक संपला, कनेक्शन सुटलं. मग गेटवेला कॉल, तीच किल्ली देऊन, म्हणजे पुन्हा पाठवलं तरी पैसे दोनदा कापले जाणार नाहीत. मग दुसरा ब्लॉक, ऑर्डर 'भरली' किंवा 'फसली'. मध्ये प्रक्रिया मेली तर 'प्रलंबित' ओळी शोधून गेटवेला विचारणारं एक छोटं काम वेळापत्रकावर ठेवा.

एक अट: बिगिनच्या आधी त्याच सेशनवर एखादी क्वेरी गेली असेल तर ट्रान्झॅक्शन आपोआप सुरू झालेलं असतं आणि बिगिन 'आधीच सुरू आहे' म्हणून अपवाद उडवतं. लॉगिन तपासणारी डिपेंडन्सी तेच सेशन वापरत असेल तर हमखास होतं. तिथे वापरकर्ता वाचून झाला की कमिट करून टाका किंवा त्या कामाला वेगळं छोटं सेशन द्या.

मोरपीस

वाखूसा (वाचनखूण साठवली). अवांतर: 'सेशन'ला कुणी 'सत्र' म्हणतं का? ब्राउझरच्या कुकीतलं सेशन आणि हे सेशन यांत नवीन मुलांचा भयंकर गोंधळ होतो.

डेटामावशी

@मोरपीस, सत्र म्हटलं की शाळा आणि विधानसभाच आठवते. पण गोंधळाबद्दल अगदी खरं. ब्राउझरचं सेशन दिवसन् दिवस जगतं, ते वापरकर्त्याचं. हे सेशन म्हणजे हिशेबाची कच्ची वही: काय वाचलं, काय बदललं, काय लिहायचं बाकी आहे. काम झालं की पक्क्या वहीत उतरवायचं आणि कच्चं पान फाडायचं. त्यात पोस्टग्रेस प्रत्येक कनेक्शनलाच सेशन म्हणतो, ते तिसरं. नवीन मुलांना हे तीन अर्थ पहिल्या दिवशीच फळ्यावर लिहून द्यावेत.

रातराणी_२

मूळ धाग्यातल्या मॉड्यूलच्या माथ्यावरच्या सेशनबद्दल अजून कुणी बोललं नाही. माझ्या मते पूलच्या त्रुटीपेक्षा ते गंभीर आहे.

सेशन थ्रेड-सुरक्षित नाही. ४० थ्रेड एकच सेशन वापरताहेत म्हणजे एकाच्या ऑब्जेक्टांचा कमिट दुसराच करून मोकळा होतो. पहिल्यानं अर्धवट भरलेली ऑर्डर दुसऱ्याच्या ऑटोफ्लशबरोबर डेटाबेसात जाते. पहिल्यानं रोलबॅक केला तर दुसऱ्याचं काम उडतं.

दुसरं, शिळा डेटा. सेशन प्रत्येक प्राथमिक किल्लीसाठी एकच ऑब्जेक्ट ठेवतं. तीच ओळ पुन्हा क्वेरी केली तरी जे रकाने आधी भरलेत ते नव्या उत्तरानं बदलत नाहीत, जोवर कमिट किंवा रोलबॅकनं ते एक्स्पायर होत नाहीत किंवा तुम्ही पॉप्युलेट_एक्झिस्टिंग सांगत नाही. क्वेरी गेली, उत्तर नवीन आलं, हातात किंमत जुनीच. लॉगमध्ये एसक्यूएल बरोबर दिसतं म्हणून माणूस तासन् तास चुकीच्या जागी शोधत बसतो.

तिसरं, एक चूक आणि सगळे बंद. एका विनंतीत युनिक कन्स्ट्रेंट मोडला, फ्लश पडला, अपवाद कुणीतरी 'एक्सेप्ट: पास' करून गिळला. आता रोलबॅक होईपर्यंत ते सेशन वापरणाऱ्या प्रत्येकाला पेंडिंगरोलबॅकएरर. त्याच्या संदेशात मूळ अपवाद असतो, पण तो भलत्याच विनंतीतला. मग वर्कर पुन्हा चालू केला की 'आपोआप बरं होतं'.

स्कोप्ड_सेशन वापरून प्रत्येक थ्रेडला वेगळं सेशन देता येतं आणि जुना कोड हळूहळू सुधारायला ते बरं आहे. पण विनंती संपल्यावर रिमूव्ह() बोलावलंच पाहिजे. थ्रेड पुन्हा वापरले जातात, त्यामुळे न बोलावल्यास पुढची विनंती मागच्याची उष्टी वही घेऊन बसते.

कढीपत्ता

शंका: 'नोंद आहे का बघ, नसेल तर घाल' या कामात इंटिग्रिटीएरर (डेटाबेसचा नियम मोडल्याची त्रुटी) तर येणारच. दोन विनंत्या एकाच वेळी बघणार, दोघींना दिसणार नाही, दोघी घालणार. तिथे अख्खं ट्रान्झॅक्शन फेकून द्यायचं?

रातराणी_२

नाही. तेवढ्या भागाभोवती 'विथ सेशन.बिगिन_नेस्टेड()'. हा सेव्हपॉइंट घालतो. इन्सर्ट पडला तर तिथपर्यंतच मागे येतं, बाहेरचं शाबूत. अपवाद विथ ब्लॉकच्या बाहेर पकडा, आत नाही. आत पकडलात तर सेव्हपॉइंटला आपण पडलो हे कळतच नाही.

पोस्टग्रेसवर त्याहून बरं म्हणजे इन्सर्टला ऑन_कॉन्फ्लिक्ट_डू_नथिंग किंवा डू_अपडेट. एका फेरीत काम होतं आणि अपवाद नाही. हे पोस्टग्रेस डायलेक्टमधल्या इन्सर्टमध्ये आहे, सर्वसाधारण इन्सर्टमध्ये सापडणार नाही.

पाटीपेन्सिल

सगळ्यांचे मनापासून आभार. सांदण यांनी सांगितलेली क्वेरी चालवली. आयडल इन ट्रान्झॅक्शनमध्ये जी कनेक्शनं दिसली त्यांतल्या बहुतेकांची शेवटची क्वेरी एकच आहे, आणि तिच्या पुढची ओळ खरंच बाहेरच्या सेवेला जाणारा कॉल आहे.

माथ्यावरची सेशनं काढायला घेतली आणि नवीन त्रुटी: डिटॅच्डइन्स्टन्सएरर. फंक्शननं ऑर्डर परत केली, सेशन बंद झालं, आणि उत्तर तयार करताना ऑर्डरच्या ओळी वाचायला गेलं की 'पेरेंट इन्स्टन्स इज नॉट बाउंड टु अ सेशन'.

आडवाटा

चांगली खूण आहे ही. आजवर त्या ओळी उत्तर तयार करताना गुपचूप एकेक क्वेरी करून येत होत्या, ते आता उघड झालं.

दोन कारणं वेगळी करा. एक, संबंध (जोडलेल्या टेबलांतल्या ओळी) आळशी पद्धतीनं, म्हणजे वाचायला गेल्यावरच वेगळ्या क्वेरीनं, भरले जातात. दुसरं, एक्स्पायर_ऑन_कमिट मुळात ट्रू असतं, त्यामुळे कमिटनंतर साधे रकानेही शिळे ठरतात आणि वाचायला गेलं की पुन्हा सिलेक्ट जातो. सेशन उघडं असेल तर कमिटनंतर नवं ट्रान्झॅक्शन सुरू होऊन कनेक्शन पुन्हा अडतं, बंद असेल तर तुमची त्रुटी.

वेब अ‍ॅपसाठी सेशनमेकरला एक्स्पायर_ऑन_कमिट फॉल्स द्या. विनंती तशीही संपतच आलेली असते. आणि जे संबंध उत्तरात लागणार ते क्वेरीतच मागवा. एकाला अनेक असेल तर सिलेक्टइनलोड: मूळ ओळींच्या किल्ल्या ५००-५०० च्या गठ्ठ्यांनी देऊन दुसऱ्या क्वेरीत सगळं आणतं. अनेकाला एक असेल तर जॉइन्डलोड. एकाला अनेकवर जॉइन्डलोड लावलंत तर २.० च्या पद्धतीत निकालावर युनिक() बोलावावं लागतं, नाहीतर अपवाद येतो.

मॉडेलवर लेझी 'रेझ' लावून ठेवलंत तर न मागवलेला संबंध वाचताक्षणी चाचणीतच अपवाद येतो. १०० ऑर्डरी दाखवायला १०१ क्वेरी जाणं त्यानं मुळातच बंद होतं.

हिरवाचाफा

जावावाल्यांची हजेरी. तिकडे याचं नाव लेझीइनिशियलायझेशनएक्सेप्शन. स्प्रिंग बूटनं त्यावर ओपन-इन-व्ह्यू मुळातच चालू ठेवलंय: उत्तर पूर्ण तयार होईपर्यंत सेशन उघडं. त्रुटी दिसत नाही, पण कनेक्शन सांदण यांच्या पंगतीत आइस्क्रीम येईपर्यंत बसून राहू शकतं. अ‍ॅप सुरू होताना त्याबद्दल स्वतः स्प्रिंगच लॉगमध्ये इशारा देतं. हिकारीसीपी या तिथल्या कनेक्शन-लायब्ररीचा पूल मुळात १० चा, त्यामुळे लवकर टोचतं. ते फॉल्स करून लागणारे संबंध क्वेरीत मागवणं हाच तिकडचाही रस्ता.

भातुकली

आणि जँगो या पायथनच्या वेब-चौकटीत असं सेशनच नाही. प्रत्येक सेव्ह मुळात लगेच कमिट. अ‍ॅटॉमिक ब्लॉक घातला तरच ट्रान्झॅक्शन. अ‍ॅटॉमिक_रिक्वेस्ट्स चालू केलं तर अख्खा व्ह्यू एका ट्रान्झॅक्शनमध्ये, म्हणजे आडवाटांची पद्धत, गप्पांसकट. कॉन_मॅक्स_एज मुळात ०, प्रत्येक विनंतीला नवं कनेक्शन. ५.१ पासून पोस्टग्रेससाठी आत पूल आलाय.

जँगोतली एक गोष्ट सगळ्यांनी घ्यावी अशी आहे: ट्रान्झॅक्शन.ऑन_कमिट. ऑर्डर लिहिली आणि लगेच सेलरीला (मागे कामं चालवणाऱ्या यंत्रणेला) काम टाकलं की वर्कर कमिटच्या आधी धावतो आणि त्याला ऑर्डर सापडतच नाही. कमिट झाल्यावरच काम टाकायचं, आणि ऑब्जेक्ट नाही, फक्त आयडी पाठवायचा.

दगडफूल

@भातुकली, अनुमोदन. अल्केमीत त्यासाठी आफ्टर_कमिट हा इव्हेंट आहे, पण बिगिन ब्लॉक संपल्यानंतरच्या ओळीवर काम टाकणं सर्वांत सोपं आणि वाचणाऱ्याला दिसणारं. मात्र कमिटनंतर आणि काम टाकण्याआधी प्रक्रिया मेली तर काम हरवतं. ते परवडत नसेल तर त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये 'पाठवायची कामं' अशा टेबलात ओळ लिहा आणि वेगळी प्रक्रिया 'फॉर अपडेट स्किप लॉक्ड' (दुसऱ्यानं कुलूप लावलेल्या ओळी सोडून) लावून त्या ओळी उचलेल.

रातराणी_२

पुढे कुणी असिंककडे वळणार असेल तर थोडक्यात. एक असिंकसेशन एका टास्कसाठी. असिंकआयओ.गॅदरमध्ये तेच सेशन पाच ठिकाणी देऊ नका. कनेक्शन एकच, त्यावर एका वेळी एकच क्वेरी. वेग वाढत नाही आणि स्थिती बिघडते. आळशी वाचनाला तिथे मिसिंगग्रीनलेट अशी त्रुटी येते. कारण एवढंच की साध्या बिंदू-वाचनातून अवेट करता येत नाही. एक्स्पायर_ऑन_कमिट फॉल्स तिथे जवळपास सक्तीचंच समजा.

डेटामावशी

पूलबद्दल राहिलेलं. मध्ये फायरवॉल किंवा लोड बॅलन्सर असेल तर तो निवांत पडलेलं कनेक्शन परस्पर तोडतो. मायएसक्यूएलमध्ये वेट_टाइमआउट मुळात २८८०० सेकंद, म्हणजे ८ तास. रात्रभर कुणी फिरकलं नाही की सकाळची पहिली विनंती 'सर्व्हर हॅज गॉन अवे' घेऊन येते. पूल_प्री_पिंग ट्रू करा, कनेक्शन हातात देण्याआधी ते जिवंत आहे का बघितलं जातं. पूल_रीसायकल मुळात -१ म्हणजे कधीच नाही, ते मधल्या यंत्रणेच्या मर्यादेहून कमी ठेवा. पिंग फक्त उचलताना होतो हे लक्षात असू दे. ट्रान्झॅक्शनच्या मध्येच तुटलं तर अपवाद येणारच.

आणि गुनिकॉर्न प्रीलोडसह (अ‍ॅप आधी एकदाच चढवून) चालवत असाल तर फोर्कच्या, म्हणजे त्यातून वर्कर-प्रक्रिया फुटण्याच्या, आधी इंजिननं एकही कनेक्शन उघडलेलं नको. उघडलं असेल तर तेच सॉकेट चार मुलांच्या हाती जातं आणि एकाचं उत्तर दुसऱ्याला मिळू शकतं. पोस्ट_फोर्क हुकमध्ये इंजिन.डिस्पोज, क्लोज फॉल्स देऊन. क्लोज फॉल्स यासाठी की मुलानं जाताना आईचं कनेक्शन बंद करू नये.

मोरपीस

पीजीबाउन्सर (पोस्टग्रेससमोर बसून कनेक्शनं वाटून देणारा मध्यस्थ) ठेवला तर अ‍ॅपमधला पूल काढायचा का?

डेटामावशी

ट्रान्झॅक्शन पद्धतीनं ठेवला तर दोन्ही चालतात. नलपूल (अ‍ॅपमध्ये कनेक्शनं साठवायचीच नाहीत) देऊन सगळं बाउन्सरवर सोडता येतं, किंवा अ‍ॅपमध्ये छोटा पूल ठेवता येतो. पण या पद्धतीत दोन ट्रान्झॅक्शनांत सर्व्हरचं कनेक्शन बदलू शकतं, म्हणून 'सेट' करून ठेवलेल्या गोष्टी आणि सेशन पातळीची अ‍ॅडव्हायझरी कुलुपं भरवशाची नाहीत. सेट लोकल वापरा, ते त्या ट्रान्झॅक्शनपुरतंच असतं. तयार स्टेटमेंटांचा त्रास १.२१ पासून कमी झालाय, त्याआधीच्या बाउन्सरवर असिंकपीजी (पोस्टग्रेसचा असिंक ड्रायव्हर) असेल तर स्टेटमेंटांचा कॅश ० करावा लागतो. आणि गप्पिष्ट ट्रान्झॅक्शनवर बाउन्सर हा उपाय नाही. पान अडलेलं ते अडलेलंच.

पाटीपेन्सिल

आतापर्यंत ठरलेलं मांडतो, चुकत असेल तर सांगा. इंजिन प्रक्रियेला एक. पूल_साइझ १०, मॅक्स_ओव्हरफ्लो २, म्हणजे ४ वर्करांचे ४८ आणि आवृत्ती चढवताना दुप्पट धरले तरी ९६. पूल_टाइमआउट ५ सेकंद, म्हणजे ३० सेकंद लटकवण्यापेक्षा लवकर नकार. प्री_पिंग चालू. एक्स्पायर_ऑन_कमिट फॉल्स. डिपेंडन्सी फक्त सेशन देणार आणि बंद करणार. लिहिणाऱ्या एंडपॉइंटमध्ये एकच बिगिन ब्लॉक, बाहेरचे कॉल ब्लॉकच्या बाहेर. चाचणीत सेशनला जॉइन_ट्रान्झॅक्शन_मोड 'क्रिएट_सेव्हपॉइंट' देऊन शेवटी बाहेरचं ट्रान्झॅक्शन रोलबॅक.

दोन गोष्टी अडल्यात. नुसत्या वाचणाऱ्या एंडपॉइंटला कमिट हवा का? आणि एक अहवाल आहे, ८ लाख ओळींची सीएसव्ही, ती प्रवाहानं पाठवतो. तिचं काय?

दगडफूल

९६ म्हणजे ९७ ला अगदी खेटून. मायग्रेशन, बॅकअप आणि हातानं पीएसक्यूएल उघडणारा माणूस यांना जागा ठेवा. पूल_साइझ ८, ओव्हरफ्लो २ करा, दुप्पट धरून ८०.

वाचणाऱ्याला कमिट नको. क्लोज झालं की कनेक्शन परत जाताना पूल स्वतः रोलबॅक करतो. फक्त वाचून झाल्यावर जड काम असेल, उदाहरणार्थ चित्रं बनवणं, तर त्याआधीच क्लोज करा. यील्डवाल्या डिपेंडन्सीची वाट बघू नका. दोनदा क्लोज झाल्यानं काही बिघडत नाही.

अहवालाला यील्ड_पर १००० देऊन ओळी गठ्ठ्यांनी आणा, म्हणजे ८ लाख ऑब्जेक्ट एकदम स्मृतीत येणार नाहीत. पण कनेक्शन ग्राहकाच्या डाउनलोडच्या वेगानं अडून राहतं. मोबाइलवरून कुणी उतरवत असेल तर दहा मिनिटं. त्यामुळे अहवालांसाठी वेगळं इंजिन, पूल_साइझ १, ओव्हरफ्लो ०, शक्य असेल तर वाचन-प्रतीवर. तेही ८० च्या हिशेबात धरा, ४ वर्करांचे ४, दुप्पट ८.

डेटामावशी

आणि त्या अहवालाच्या रोलवर आयडल_इन_ट्रान्झॅक्शनची मर्यादा वेगळी ठेवा. गठ्ठा पाठवून ग्राहकाची वाट बघताना ते कनेक्शन आयडल इन ट्रान्झॅक्शनच दिसतं. ३० सेकंदांची मर्यादा तिथे लागली तर हळू नेटवर्कवाल्यांची फाइल अर्ध्यात तुटेल. त्यापेक्षा फाइल आधी डिस्कवर लिहून मग ग्राहकाला द्या. ८ लाख ओळी डिस्कवर उतरायला ग्राहकाची वाट बघावी लागत नाही, कनेक्शन लवकर सुटतं आणि मर्यादेलाही हात लावायला नको.

पाटीपेन्सिल

डिस्कवरचाच मार्ग घेतो. पूल ८ आणि २.